चोडण-दिवाडीत पाणी शिरले, तर मदत कशी करावी

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आणि त्याच वर्षी जुलैमध्ये पूर, अशी दोन संकटे गोव्याने लागोपाठ पाहिली. अशा वेळी माणसे मदतीला धावतात, आणि धावायलाच हवे. पण चोडण, दिवाडी या मांडवी नदीतल्या बेटांवर मदत नेताना थोडा विचार करावा लागतो. दिवाडीला फेरीबोटीशिवाय जाता येत नाही. पाण्याला ओढ असली की फेरी थांबते, आणि सुरू झाली की तिच्यावर आजारी माणसे, दूधवाले, वीज खात्याचे कर्मचारी यांचा पहिला हक्क असतो. तिथे आपली सामानाने भरलेली जीप मध्येच उभी राहिली तर अडचणच होते.

आधी विचारा

म्हणून सामान गोळा करण्यापूर्वी पंचायतीला किंवा गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करा. तीन गोष्टी विचारा: काय हवे आहे, मदत कोण गोळा करते आहे, आणि कुणापर्यंत ती पोहोचलेली नाही. तिसरा प्रश्न विसरू नका. भाड्याच्या खोलीत राहणारे मजूर आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका यादीतून हमखास सुटतात.

जुने कपडे पाठवू नका. पावसात ते वाळत नाहीत आणि निवडत बसायला कुणाला वेळ नसतो. ताडपत्री, पिण्याचे पाणी, विहिरीसाठी ब्लीचिंग पावडर, सॅनिटरी पॅड, चार्जिंगचे दिवे या वस्तू लगेच उपयोगी पडतात. औषधे आरोग्य केंद्राला विचारूनच द्या. बाकी सगळ्यासाठी पैसे द्यावेत, हे माझे स्पष्ट मत आहे. शक्यतो बेटावरच्याच दुकानातून खरेदी होऊ द्या. त्या दुकानदाराचेही नुकसान झालेले असते.

पैसे देताना

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दिसणारे नाव संस्थेचेच आहे का ते बघा. एखाद्या व्यक्तीचे नाव आले तर थांबा आणि फोन करून खात्री करा. देणगीवर आयकरातली 80जी सवलत हवी असेल तर संस्थेची नोंदणी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तपासा. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, वस्तूंना मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर मुळीच मिळत नाही.

आपल्याकडे घरटी कुणी ना कुणी परदेशी असते, म्हणून हे नीट समजून घ्या. आखातात नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ आपल्या बचतीतून बँकेमार्फत संस्थेला पैसे पाठवू शकतो. पण ज्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे, त्याची देणगी कायद्याने विदेशी ठरते, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही. ती घ्यायला संस्थेची विदेशी अंशदान (नियमन) कायदा, 2010 खाली नोंदणी लागते. गावच्या छोट्या मंडळाकडे ती सहसा नसते, आणि चुकून पैसे घेतले तर ते मंडळच गोत्यात येते. अशा नातेवाइकाला नोंदणी असलेली संस्था शोधून द्या.

पंचनाम्याला हात द्या

ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यानेही करावे असे हे काम आहे. चिखल काढण्यापूर्वी घराचे, शेताचे, मेलेल्या जनावराचे फोटो काढून द्या. तलाठ्याकडे, मामलेदार कार्यालयात अर्ज भरून द्या. पिकाच्या नुकसानीसाठी सरकारचा शेतकरी आधार निधी आहे. त्यासाठी विभागीय कृषी कार्यालयात लगेच कळवायला हवे. वयस्क शेतकऱ्याला कृषी कार्ड शोधून देऊन सोबत जाणारा मुलगा मिळाला, तरी केवढी मदत होते!

अर्धी मदत बांधासाठी राखून ठेवा

बेटावरची खाजन शेती भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. तिला मातीचे बांध आणि मानशी, म्हणजे बांधातली पाण्याची दारे, सांभाळतात. मानशीची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात, त्यामुळे शेतातले पाणी बाहेर जाते पण नदीचे आत येत नाही. बांधाला खिंडार पडले किंवा एक दार निखळले की खारे पाणी दिवसातून दोनदा शेतात येते. कोरगुटसारखे खारवट जमिनीत तग धरणारे भातही मग टिकत नाही. घरातला चिखल आठवड्याभरात निघतो, हे नुकसान मात्र पुढच्या हंगामापर्यंत पाठ सोडत नाही. आणि तोवर वर्तमानपत्रांतून बातमी गेलेली असते, मदतही आटलेली असते.

म्हणून जे द्यायचे ठरवले आहे त्यातले निम्मे मागे ठेवा आणि कूळ संघाशी, म्हणजे शेत कसणाऱ्या कुळांच्या संघटनेशी बोला. बांधाची देखभाल त्यांच्याकडे असते. मानशीवरच्या मासेमारीच्या हक्काच्या लिलावातून आलेले पैसे किती शिल्लक आहेत, कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे प्रस्ताव दिला आहे का, हे मोकळेपणाने विचारा. सरकारी पैसा येणार असेल तर तुमची देणगी तो येईपर्यंतच्या तात्पुरत्या डागडुजीला, मजुरीला किंवा मानशीच्या नव्या दारांना वापरता येईल. खर्चाचा हिशेब पंचायतीच्या फलकावर लावायची अट आधीच घाला, त्यात कुणाला वाईट वाटायचे कारण नाही.

पक्के काम पाऊस सरल्यावर, भात कापून झाल्यावरच निघते. तेव्हा दिवाळी झाली की कूळ संघाला पुन्हा फोन करा आणि राखलेले पैसे त्या वेळी द्या.