सेटलर निघायच्या आधी बोला

‘सिव्हिलायझेशन ६’ हा शहरं वसवत राज्य वाढवायचा, टर्न-टर्ननं चालणारा गेम एकट्यानं खेळून कॉम्प्युटरला वरच्या डिफिकल्टीवर हरवणारा खेळाडू पहिल्यांदा टीम गेममध्ये येतो आणि पस्तिसाव्या-चाळिसाव्या टर्नला त्याचं कुणाशी तरी वाजतं. कारण बहुधा एकच असतं: नदीकाठची एक जागा आणि तिच्याकडं निघालेले दोन सेटलर (नवं शहर वसवणारी युनिटं), दोन्ही आपल्याच बाजूचे.

आमच्या डिस्कॉर्डवर नवीन पोरं येत राहतात. मे २०२० मध्ये एपिक स्टोअरनं हा गेम आठवडाभर फुकट दिला, तेव्हा लॉकडाऊनमध्ये घरी बसलेली एक मोठी लाट आली. आता सातवा भाग निघाला तरी आम्ही सहाव्यावरच आहोत. नवीन माणसाला मी लढाईचं शेवटी सांगतो, विस्ताराचं आधी, आणि तेच इथं लिहितोय. गृहीत धरलंय ते असं: ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या एक्स्पान्शनचे नियम, पॅन्जिया नकाशा (सगळे एकाच मोठ्या भूखंडावर), तीन विरुद्ध तीन, सगळ्यांच्या टर्न एकाच वेळी आणि कानाला हेडफोन. आकडे स्टँडर्ड स्पीडचे देतो. ऑनलाइन स्पीडला खर्च निम्मा होतो, हिशोब तोच राहतो.

तर आधी हिशोब. पहिला सेटलर ८० प्रॉडक्शनचा (प्रॉडक्शन म्हणजे शहराची काही बनवायची ताकद). पुढं तुम्ही काढलेल्या प्रत्येक सेटलरगणिक भाव ३० नं चढतो: ११०, १४०, १७०. हा चढ प्रत्येक खेळाडूचा वेगळा मोजला जातो, टीमचा एकत्र नाही. समजा दोघांत मिळून आठ सेटलर हवेत. दोघांनी चार-चार काढले तर प्रत्येकी ५००, एकूण १०००. एकानं सहा आणि दुसऱ्यानं दोन काढले तर ९३० अधिक १९०, म्हणजे ११२०. वरचे १२० नुसते वाया गेले. म्हणून ‘तू लढ, शहरं मी वसवतो’ ही वाटणी ऐकायला झकास, पण ती महागात पडते. नवीन टीम हमखास हीच वाटणी करतात.

अडचण अशी की शत्रूला चिकटून असलेल्या गड्याला वॉरियर आणि आर्चर काढण्यातून फुरसत नसते. सेटलर कधी काढणार? इथं मागच्यानं सोनं सोडायचं. सोन्यानं घेतलेला सेटलर प्रॉडक्शनच्या चौपट पडतो. मागच्याचा पाचवा सेटलर २०० प्रॉडक्शनचा, म्हणजे ८०० सोनं. पुढच्याचा दुसरा अजून ११० वरच आहे, म्हणजे ४४०. तेच सोनं पुढच्याच्या हाती दिलं तर जवळजवळ दुप्पट काम करतं. ट्रेड स्क्रीन उघडून रक्कम पाठवायला दहा सेकंद लागतात. फक्त आधी सांगायचं, कारण विकत घेतला तरी सेटलर शहरातला एक नागरिक घेऊनच निघतो आणि एका नागरिकाच्या शहरातून तो निघतच नाही. सोनं येऊन पडलंय आणि शहर दोनाचं व्हायला अजून पाच टर्न आहेत, असा प्रकार मी खूपदा बघितलाय.

मग पिना. नकाशावर पिन लावता येते, तिला नाव देता येतं आणि ती फक्त टीमला दिसेल अशी ठेवता येते. पहिल्या दहा-बारा टर्नमध्ये, स्काउट फिरत असतानाच, प्रत्येकानं आपल्या पुढच्या तीन जागांवर पिन लावावी. पिनेवर ‘छान जागा’ असलं काही लिहू नका. ‘माझी, टर्न २८’ असं लिहा. नुसत्या जागेवर कुणाचा हक्क नसतो. तारखेसकट लिहिली की तिच्यावर बोलता येतं. अठ्ठाविसावी टर्न उलटून गेली आणि सेटलर अजून रांगेतच असेल तर ती पिन उठवायचा अधिकार बाकीच्या दोघांना. एवढा एक नियम आम्ही पाळतो आणि निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

पाचव्या भागातून आलेली मंडळी पिना फार लांब-लांब लावतात. तिथं शहर वाढलं की संशोधन महाग व्हायचं, म्हणून थोडी आणि ऐसपैस शहरं बरी पडायची. सहाव्यात तसं नाही. दोन शहरांत कमीत कमी तीन टाइल (नकाशावरची घरं) मोकळ्या हव्यात, बस. चौथ्या टाइलवर बिनधास्त वसवा. शहर चार नागरिकांचं झालं की दोन डिस्ट्रिक्ट (शहराचे खास विभाग) बसतात, आणि तेवढ्यावर ते शहर टीमला पुरेसं देतं. पाण्याचं मात्र बघा: गोड्या पाण्यालगत हाउसिंग (शहरात किती नागरिक मावतात ते) ५ पासून सुरू होतं, समुद्रकाठी ३ पासून आणि कोरड्या जागी २ पासून. गोडं पाणी कुणाला आणि समुद्र कुणाला, यावरच खरी घासाघीस होते.

ही घासाघीस कशी होते ते एका गेमवरून सांगतो. मी रोम घेऊन मधोमध होतो. उजव्या बाजूला, खिंडीपलीकडं शत्रू असलेल्या अंगाला, मित्राचा धाकटा भाऊ सिथिया घेऊन बसला होता. मागं समुद्राकडं तिसरा, रशिया. नदीच्या वळणावर एका टेकडीवर माझी पिन होती आणि सेटलर दोन टर्नवर आला होता. तेवढ्यात ॲनिमल हजबंड्रीचं संशोधन झालं आणि वळणाच्या दोन्ही बाजूंना घोडे दिसले.

“दादा, तुझा सेटलर कुठं चाललाय?”

“पिनेवर. का रे?”

“अरे, तिथं दोन घोडे आहेत. माझ्याकडं एक पण नाही. दे ना ती जागा.”

सिथियाला एका घोडेस्वारामागं दुसरा फुकट मिळतो. ‘गॅदरिंग स्टॉर्म’मध्ये प्रत्येक घोडेस्वाराला २० घोडे मोजावे लागतात, पण फुकटच्याला नाही. म्हणजे तेच घोडे माझ्या हातात जेवढे लढतील त्याच्या दुप्पट त्याच्या हातात लढणार. एवढ्यावर जागा त्याची ठरते, वाद घालायचं कारण नाही. तरी मी तीन प्रश्न विचारले, आणि हेच तीन प्रश्न नवीन माणसानं पाठ करावेत. तुझा सेटलर किती टर्नमध्ये पोचतो? मधल्या वेळात ती जागा कोण राखतो? मला काय?

“चार टर्न. तोवर तुझा वॉरियर उभा ठेव तिथं. पहिले दोन घोडेस्वार तुझ्या खिंडीत.”

टायमरवर वीसेक सेकंद उरले होते. मी सेटलर मागं समुद्राकडं वळवला. तिथं हाउसिंग तीनच, पण रोमला नव्या शहरात मॉन्युमेंट आयतं मिळतं, त्यामुळं सीमा तरी लवकर वाढणार होती. मात्र तिथून चारच टाइलच्या आत रशियाची पिन होती. तिसऱ्याला लगेच सांगितलं, त्यानं आपली पिन एक टाइल उत्तरेला सरकवली आणि नाक मुरडलं, कारण एक प्रवाळाची टाइल त्याच्या कॅम्पसच्या, म्हणजे सायन्सच्या डिस्ट्रिक्टच्या, शेजारून गेली. प्रवाळ कॅम्पसला २ सायन्स देतं, तेव्हा त्याची कुरकुर रास्त होती. त्याला भरपाई म्हणून माझ्याकडचं जादा रेशीम दिलं. रेशीम ही लक्झरी, म्हणजे नागरिकांना खूश ठेवणारी वस्तू. एका लक्झरीचा उपयोग चार शहरांना होतो, आणि तीच लक्झरी दुसऱ्यांदा मिळाली तर आपल्याला शून्य फायदा. टीममेटला मात्र तिची पूर्ण किंमत. देताना माझं काहीच गेलं नाही.

एक पिन हलली की बाकीच्या हलतात, म्हणून बदल दोघांत ठरला तरी तिसऱ्याला ऐकवायचाच. दोघांनी हळूच खासगी मेसेजवर वाटून घेतलेल्या जागा पुढं फार त्रास देतात.

आराखडा कधी बदलावा लागणार हे बऱ्यापैकी आधी कळतं. घोड्यांचं वर आलंच. ब्रॉन्झ वर्किंग झालं की लोखंड दिसतं, तेव्हा सगळ्यांनी मिळून नकाशा पुन्हा एकदा बघायचा. शत्रूची पहिली सीमा दिसली की पुन्हा. कुणाचा सेटलर पळवला गेला की पुन्हा; या खेळात सेटलर मरत नाही, शत्रूच्या हाती लागतो आणि तुमच्याच पिनेवर त्याचं शहर उभं राहतं. टर्न एकाच वेळी चालतात तेव्हा टर्न सुरू होताक्षणी ज्याचं बोट आधी पडेल त्याचं काम होतं. त्यामुळं धुक्याच्या (आपल्याला न दिसणाऱ्या भागाच्या) कडेला सेटलर मोकळा उभा करून टर्न संपवणं म्हणजे दान करणं. वॉरियर बरोबर चालवा, नाहीतर एक टर्न मागं थांबा.

अर्ली एम्पायर या सिव्हिकची (संस्कृतीच्या अंगानं होणाऱ्या संशोधनाची) वेळ मात्र नीट जुळवावी लागते. त्या सिव्हिकनं कॉलनायझेशनचं पॉलिसी कार्ड मिळतं आणि सेटलर पन्नास टक्के भरभर निघतात. तिची इन्स्पिरेशन, म्हणजे ती लवकर पूर्ण करणारी सवलत, सहा नागरिक झाले की लागते. प्रत्येक सेटलर एक नागरिक नेतो, म्हणजे घाईनं सेटलर काढत राहिलात तर सहाचा आकडाच लांबतो. जाणते खेळाडू एखादा सेटलर जवळपास पूर्ण करून बाजूला ठेवतात, सहा भरले की इन्स्पिरेशन घेतात आणि मग कार्ड लावून एकामागून एक काढतात. मॅग्नस हा गव्हर्नर शहरात बसवून जंगल तोडलं तर आणखी लवकर. हे सगळं एकट्याच्या गेममधूनही शिकता येतं. टीममध्ये एवढंच वेगळं की तिघांनी एकदम हे करायचं नाही. तिघांच्याही राजधानीत सेटलर चाललेत आणि कुणाकडंच आर्चर नाहीत, हे शत्रूच्या स्काउटला दिसलं की पुढच्या आठ-दहा टर्नमध्ये दारात गर्दी होते. आमच्याकडं मागचा आधी काढतो, मग मधला. पुढच्याला मागचा सोनं देतो ते याच वेळी.

पँथिऑनबद्दल (श्रद्धा साठवून निवडायचं सुरुवातीचं धार्मिक वरदान) एकच वाक्य, कारण त्यावर तासभर वाद होतात: रिलिजस सेटलमेंट्समधून एक सेटलर फुकट मिळतो आणि ते एकाच खेळाडूला घेता येतं, तेव्हा आपल्यात कोण घेणार ते श्रद्धेचा साठा बघून आधीच ठरवा, दोघं त्याच्याच मागं धावू नका.

नवीन माणसाला सगळ्यात उशिरा कळते ती लॉयल्टी, म्हणजे शहराची मालकावरची निष्ठा. नऊ टाइलच्या आतले नागरिक शहरावर दाब टाकतात आणि दर टाइलमागं त्यांचा जोर दहा टक्क्यांनी घटतो. शत्रूच्या राजधानीजवळ पुढं जाऊन शहर वसवलं तर ते काही टर्नमध्ये बंड करून उठतं. आता मजा बघा. पुढं दोन चांगल्या जागा आहेत, टीममध्ये दोघांना पुढं जायचंय, म्हणून समंजसपणे एक-एक वाटून घेतली. दोन्ही शहरं जातात. टीममेटचे नागरिक तुमच्या शहराची लॉयल्टी वाढवत नाहीत. तुमचे तुम्हालाच सावरतात. त्याच दोन जागा एकालाच दिल्या असत्या तर दोन शहरं एकमेकांना धरून राहिली असती, वर गव्हर्नर बसवला की ८ लॉयल्टी दर टर्नला. म्हणजे पुढच्या जागा जोडीनं आणि एकाच नावावर. दुसऱ्यानं मागं भरावं. समान वाटणीचा आग्रह इथं घातक आहे, आणि मला वाटतं मराठी ग्रुपांत तो जरा जास्तच असतो. कुणाला कमी दिलं असं वाटू नये म्हणून आपण नकाशाचे तुकडे पाडतो.

बोलायच्या पद्धतीबद्दल थोडं. ‘बघू’ आणि ‘जमलं तर’ हे शब्द व्हॉइस चॅटवर निरुपयोगी आहेत. समोरचा तुमच्या ‘बघू’चा अर्थ होकार घेतो आणि आपला सेटलर दुसरीकडं वळवतो. हो म्हणा, नाही म्हणा, किंवा ‘तीन टर्ननी सांगतो’ म्हणा. ग्रुपात वयानं मोठा कुणी असेल तर त्याला जागा मागायला पोरं लाजतात. त्यावर उपाय हाच की मोठ्यानं स्वतःहून पिना कुठल्या टर्नपर्यंतच्या आहेत ते दर थोड्या वेळानं मोठ्यानं वाचून दाखवावं. आणि सेटलर दोन टर्नवर पोचला असेल तर त्याहून चांगल्या जागेच्या मोहात त्याला फिरवू नका. फिरणारा सेटलर हे न वसलेलं शहर आहे. प्रत्येक टर्नला काहीतरी बुडतं. माझं उदाहरण घोड्यांचं होतं म्हणून फिरवला. चार गव्हाच्या टाइलसाठी फिरवला नसता.

ऐंशी-नव्वदाव्या टर्ननंतर मोकळी जमीन उरत नाही आणि विस्तार म्हणजे शत्रूची शहरं घेणं, एवढंच शिल्लक राहतं. इथं नियम उलटा लागतो. भिंत पाडतो त्याला वाटतं शहर आपलं. पण शहर ज्याचं युनिट आत शिरतं त्याच्या नावावर चढतं, आणि ते टिकतं ज्याचे स्वतःचे नागरिक जवळ आहेत त्याच्याकडं. म्हणून कॅटापल्ट कुणाचेही असोत, शेवटचं पाऊल सर्वांत जवळच्याला टाकू द्यायचं. शहराचा जीव शून्यावर आला की चॅनेलवर ओरडून सांगायचं, “आत कोण जातंय?” आणि ठरलेला सोडून बाकीच्यांनी त्या टर्नला आपली युनिटं शहराच्या कडेवरून बाजूला घ्यायची, म्हणजे त्याच्या स्वाराला आत शिरायला टाइल मोकळी मिळते.