तिरंगा काढायचाय? आधी कंपास घ्या

तिरंगा काढायला बसलं की मुलं पहिल्यांदा केशरी रंगाची बाटली उघडतात. मी ती बंद करायला लावते. इथे ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, मी बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. अजूनही ऑगस्ट लागला की गल्लीतली मुलं कार्डशीट घेऊन येतात, आणि सगळ्यांना माझं एकच सांगणं असतं: आधी चक्र, रंग नंतर.

कार्डशीट ४५ सेंमी लांब, ३० सेंमी रुंद कापा. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ हवंच, आणि हे माप ध्वजाच्या नऊ अधिकृत मापांपैकी एक आहे. तिन्ही पट्टे १० सेंमीचे. या मापाला चक्राचा व्यास ९ सेंमी ठरलेला आहे, म्हणजे चक्राच्या वर आणि खाली अर्धा-अर्धा सेंमी पांढरं राहतं. मुलं हमखास चक्र पट्ट्यांना टेकवतात, तिथे थांबवा. आमच्या ग्वाल्हेरातच मध्य भारत खादी संघात खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. तिथे मापाला धरून काम चालतं, मग आपण कागदावर का सैल सोडायचं?

चक्र थेट कार्डशीटवर काढू नका, बटर पेपरवर काढा. कंपासमध्ये साडेचार सेंमी घेऊन वर्तुळ काढा. केंद्रातून एक उभी आणि एक आडवी रेघ मारली की वर्तुळावर चार बिंदू मिळतात. कंपास तसाच ठेवा, उघडमीट अजिबात नको. आता चारही बिंदूंवर आळीपाळीने टोक रोवून दोन्ही बाजूंना वर्तुळावर खूण करा. आठ नव्या खुणा झाल्या, जुन्या चार धरून बारा. त्या सगळ्या केंद्राला जोडा. शेजारच्या दोन खुणांवरून वर्तुळाबाहेर एकमेकांना छेदणारे कंस काढा आणि तो छेद केंद्राला जोडून रेघ पलीकडच्या कडेपर्यंत न्या. एका रेघेत दोन आरे मिळतात, म्हणून असे सहाच दुभाजक पुरतात. चोवीस आरे तयार! कोनमापकाने पंधरा-पंधरा अंश मोजत गेलात तर शेवटचा आरा बहुधा दाटीत सापडतो.

आरा टोकांना निमुळता ठेवा. दोन आऱ्यांच्या मधे, कडेला आतून चिकटलेला छोटा अर्धगोलही हवा. तो बहुतेक चित्रांत गायबच असतो.

आता कार्डशीटचे दोन्ही कर्ण पुसट काढा. ते छेदतात तिथे टाचणीने आरपार भोक पाडा. मागच्या बाजूलाही तेच केंद्र मिळालं. बटर पेपरचं केंद्र त्यावर ठेवून चक्र दोन्हीकडे उतरवा. उलटं ठेवलंत तरी बिघडत नाही, आणि ध्वजाच्या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. १९३१च्या काँग्रेसच्या तिरंग्यावर चरखा होता. चरख्याचं चाक एकीकडे, चाती दुसरीकडे. मागून पाहिलं की सगळं उलटं दिसायचं. २२ जुलै १९४७ला संविधान सभेत ठराव मांडताना नेहरूंनी ही अडचण सांगितली होती. म्हणून चरख्याचं प्रतीक राखून, चाक मात्र सारनाथच्या अशोकाच्या सिंहशीर्षावरचं घेतलं. कुठूनही पाहा, ते तसंच दिसतं. मुलांना हे कागद उलटून दाखवा, लगेच पटतं.

रंगकाम सोपं आहे. पोस्टर कलर साईसारखा घट्ट ठेवा. आधी केशरी द्या, तो पूर्ण वाळला की कागद उलटा फिरवून हिरवा, म्हणजे हात ओल्या रंगावर घासत नाही. पांढऱ्याला रंग लावायचा नाही. चक्राचा निळा गडद हवा. साध्या निळ्यात काळ्याचा अगदी ठिपका मिसळा आणि शून्य नंबरच्या ब्रशने भरा. मागची बाजू दुसऱ्या दिवशी.

भिंतीवर आडवा लावताना केशरी वर. उभा लावायचा असेल तर केशरी पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला. ध्वजावर काहीही लिहायचं नाही, स्वतःचं नावसुद्धा नाही. स्पर्धेसाठी नाव हवंच असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. आणि कार्यक्रम संपल्यावर कागदी झेंडे तिथेच टाकून येऊ नका. घरी आणा. फाटला, मळला असेल तर चारचौघांत नव्हे, एकांतात, मान राखून जाळा.