बोटीचं नाक खाली आणायचं तर: फिन आणि ट्रिम टॅब बसवताना

हतनूरच्या जलाशयावर, गिरणा धरणात किंवा नवापूरकडच्या उकाईच्या फुगवट्यावर १४ ते १६ फुटी फायबरची बोट आणि मागे २५ ते ४० एचपीचं आऊटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेलं इंजिन, असेल, तर तक्रारी ठरलेल्या असतात. थ्रॉटल ओढला की नाक आभाळाला लागतं आणि समोरची जाळी, लाकडं काही दिसत नाहीत. वेग पकडला की नाक वरखाली उड्या मारायला लागतं. दोन माणसं एका कडेला बसली की बोट कलते ती कललेलीच राहते. पहिल्या दोन तक्रारींवर हायड्रोफॉइल फिन, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागावर बसणारा पंखासारखा आडवा तुकडा, चालतो. तिसरीवर तो काही करत नाही, तिथे ट्रिम टॅबच, म्हणजे बोटीच्या मागे तळाशी वर-खाली होणारे दोन पत्रे, हवेत. बऱ्याच बोटींना मात्र या दोन्हींची गरज नसते, म्हणून पैसे काढण्याआधी फुकटातली कामं उरकून घ्या.

आधी वजन, मग इंजिनाची उंची

२० लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास १५ किलो. त्यात बॅटरी आणि नांगर धरा. हे सगळं सोयीसाठी मागे ठेवलेलं असतं आणि चालवणाराही मागेच बसतो. टाकी आणि बॅटरी मधल्या फळीच्या पुढे न्या, तळातलं साचलेलं पाणी काढा आणि पुन्हा चालवून बघा. आतलं पाणी वेगात मागे धावतं आणि नाक आणखी उचलतं.

मग इंजिन. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते, ती बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा त्याहून इंचभर वर हवी. सरळ फळी तळाला लावून मागे धरली की लगेच कळतं. पट्टी २-३ इंच खाली असेल तर इंजिन पाणी ओढत चाललंय. लांब शाफ्टचं, म्हणजे २० इंची इंजिन १५ इंची ट्रान्समवर टांगलं की हेच होतं. (ट्रान्सम म्हणजे इंजिन जिला लटकतं ती मागची उभी फळी.) बहुतेक इंजिनांना वर-खाली करायला भोकं असतात, त्यांच्यात साधारण पाऊण इंच अंतर असतं. एका वेळी एकच भोक बदला.

शेवटी कोनाची पिन. लहान इंजिनांत ती ब्रॅकेटच्या भोकांत हाताने बसवतात. पिन ट्रान्समकडे सरकली की नाक दबतं, लांब गेली की उचलतं. उड्या मारणारी बोट कित्येकदा पिन एक भोक आत घेतली की गप्प होते. पंख्याची पातीही बघून घ्या. पातं दगडावर आपटून वाकलं असेल तर फिन लावून भागत नाही.

मोजून ठेवा

पाणी संथ असताना, सकाळी, तीच माणसं आणि तेवढंच पेट्रोल घेऊन चालवा. फोनवरच्या जीपीएसने चार गोष्टी लिहा: बोट पाण्यावर चढायला (म्हणजे पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावरून घसरायला) किती सेकंद लागले, कोणत्या किमान वेगाला ती चढलेली राहते, उड्या कोणत्या वेगाला सुरू होतात, आणि सर्वाधिक वेग किती. प्रत्येक फेरी जाऊन-येऊन करा, म्हणजे वाऱ्याचा हिशेब मिटतो. हे आकडे नसले तर फिन लावल्यावर “बरं वाटतंय” एवढंच सांगता येतं.

फिन बसवणं

फिन त्या आडव्या पट्टीवर बसतो आणि धावताना मागचा भाग उचलतो, म्हणून नाक खाली येतं. बोट कमी वेगात चढते आणि चढलेली राहते. सर्वाधिक वेग मात्र थोडा घटू शकतो, कारण पाण्यात आणखी एक वस्तू आली.

भोकं पाडून बसणारा आणि चिमट्यासारखा आवळून बसणारा, असे दोन प्रकार मिळतात. वॉरंटीतल्या इंजिनाला भोक पाडू नका. भोकाचा प्रकार असेल तर फिन मध्यरेषेवर ठेवून चिकटपट्टीने बांधा, खुणा करा, आणि आधी ३ मिमीचं बारीक भोक पाडून मगच पूर्ण मापाचं पाडा. बोल्ट स्टेनलेस आणि नट नायलॉनच्या कड्याचे घ्या, बोल्टला मरीन ग्रीस लावा. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस कोरडे एकत्र आले की काही हंगामांनी जाम होतात. इंजिनाची पाणी ओढणारी जाळी झाकली जाऊ देऊ नका. स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून आणि इंजिन पूर्ण वर उचलून फिन कुठे घासत नाही ना, हे बघा.

चालवताना फिन पाण्यात बुडून ओढत असेल तर इंजिन एक भोक वर घ्या. बोट वळणावर नाक खुपसून एकदम आत फिरत असेल तर कोनाची पिन एक भोक बाहेर, ट्रान्समपासून लांब, घ्या, कारण आता मागून जास्तच उचल मिळतेय. ही खूण हलक्यात घेऊ नका, भरधाव वळणावर माणूस बाहेर फेकला जातो. किल स्विचची (चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला आणि लाइफ जॅकेट अंगावर असल्याशिवाय चाचणी करू नका.

ट्रिम टॅब

हे ट्रान्समच्या तळाशी डावी-उजवीकडे बसणारे स्टीलचे पत्रे. ठोकताळा असा की बोटीच्या प्रत्येक फुटाला दर बाजूला इंचभर रुंदी. लहान बोटीच्या ट्रान्समवर तेवढी जागा नसते, मग अरुंद पण पुढून मागे जास्त लांब टॅब घ्या. बाहेरच्या कडेपासून ३ इंच आत आणि इंजिनाच्या मध्यरेषेपासून निदान ८ इंच दूर बसवा. बिजागरीची कड तळाच्या किंचित, साधारण पाव इंच वर असावी. खाली आली तर बंद टॅबही पाणी ओढतो.

फायबरला भोक पाडताना चिकटपट्टी लावा आणि ड्रिल उलट्या दिशेने फिरवून वरचा जेलकोट, म्हणजे चकचकीत थर, कापून घ्या, मग सरळ फिरवा. नाहीतर भोकाभोवती चांदणीसारख्या भेगा पडतात. भोकाच्या तोंडाला थोडी खोलगट कड करा, तिथे सीलंट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा लेप, बसतं. पॉलियुरेथेन सीलंट हवेतल्या ओलाव्याने वाळतं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वरून कातडी धरते आणि आत कच्चं राहतं. ट्यूबवर लिहिलेल्या मुदतीपेक्षा दोन दिवस जास्त ठेवा, मगच बोट पाण्यात ढकला.

१२ व्होल्टच्या टॅबला फ्यूज बॅटरीपासून ७ इंचांच्या आत लावा. दोरी ओढून सुरू होणाऱ्या, बॅटरी नसलेल्या इंजिनासाठी गॅसच्या दांड्याचे आपोआप दबणारे टॅब मिळतात, त्यांना तार लागत नाही. लहान बोटीला हेच पुरेसे असतात.

वापराचा गोंधळ बटणावर होतो. डावीकडचं नाक खाली असं बटण दाबलं की प्रत्यक्षात उजवा टॅब खाली जातो. बोट डावीकडे कलली असेल तर डावा टॅब खाली हवा. चढताना दोन्ही टॅब खाली, चढली की हळूहळू वर. मागून लाटा येत असतील तर दोन्ही पूर्ण वर घ्या, नाहीतर नाक लाटेत अडकून बोट आडवी होते. मागे घेतानाही टॅब वर. खाली राहिले तर वाकतात, आणि वाकलेला टॅब बोट एका बाजूला ओढतो.

इथल्या पाण्याच्या अडचणी

जलपर्णी आणि मासेमारीची जाळी फिनच्या टोकात अडकतात. इंजिन एकदम गरम झालं किंवा गुरगुरायला लागलं तर आधी थांबून इंजिन उचला. चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडे पावसानंतर लाकडं तरंगत येतात. हतनूरचे ४१ दरवाजे उघडायच्या दिवसांत तर बोट बाहेरच काढू नका. गाळ बिजागरीत बसतो, म्हणून दर महिन्याला बादलीभर पाण्याने धुऊन टॅब पूर्ण वर-खाली करून बघा.

आणि फिनखालच्या छोट्या पट्टीकडे, म्हणजे इंजिनाच्या ॲनोडकडे (स्वतः झिजून इंजिन गंजण्यापासून वाचवणाऱ्या तुकड्याकडे), लक्ष ठेवा. गोड्या पाण्यात जस्ताचा ॲनोड नीट काम करत नाही, मॅग्नेशियमचा लावा. स्टिअरिंग सतत उजवीकडे ओढत असेल तर या पट्टीचं मागचं टोक थोडं उजवीकडे वळवून घट्ट करा, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. बदल पाव इंचापेक्षा जास्त नको.