अमेरिकेतील विद्यापीठात सत्राच्या मध्यावर विषय कसा सोडावा

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एखादा विषय झेपेनासा झाला, तर तो मुदतीत आणि योग्य क्रमाने सोडता येतो. अडचण येते ती बहुधा संकोचापोटी मुदत टळल्यामुळे किंवा क्रम चुकल्यामुळे.

प्रथम विद्यापीठाच्या शैक्षणिक दिनदर्शिकेत दोन तारखा पाहाव्यात. ‘ॲड-ड्रॉप’ची, म्हणजे विषय घेण्या-बदलण्याची, मुदत सहसा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच संपते, तोवर सोडलेला विषय ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, दिसत नाही आणि शुल्कही बहुधा परत मिळते. ‘विथड्रॉवल’ची, म्हणजे त्यानंतर विषय सोडण्याची, मुदत साधारणपणे अर्धे सत्र उलटल्यावर येते, त्या मुदतीत सोडलेल्या विषयापुढे ‘डब्ल्यू’ ही विषय सोडल्याची खूण लागते आणि भरलेले शुल्क बहुतेक वेळा बुडते. तारखेबरोबर वेळही पाहावी, कारण कुठे ती मध्यरात्री संपते तर कुठे कार्यालय बंद होताना.

त्यानंतर आतापर्यंतचे गुण घेऊन प्राध्यापकांना भेटावे आणि उत्तीर्ण होण्याची शक्यता किती आहे, हे स्पष्ट विचारावे. ‘डब्ल्यू लागला की नोकरी मिळत नाही’ हे व्हॉट्सॲप गटांवर फिरणारे वाक्य मनावर घेऊ नये. एमएसला तीन-तीन क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे विषयाचा भारांक) तीन विषय घेतले, दोहोंत ‘ए’ आणि तिसऱ्यात ‘एफ’ (नापास) मिळाला, तर जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी गुणांक, २.६७ होतो. बहुतेक विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला किमान ३.० राखावा लागतो, त्यामुळे एवढ्यावरून प्रोबेशनची, म्हणजे शैक्षणिक ताकिदीची, नोटीस येऊ शकते. तोच विषय मुदतीत सोडला असता, तर जीपीए ४.० राहिला असता. एकटा ‘डब्ल्यू’ पाहून कोणी दार लावून घेत नाही. ‘एफ’ मात्र प्रत्येक ठिकाणी समजावून सांगावा लागतो.

खरी कसोटी पुढच्या टप्प्यावर लागते. पहिल्या वेळी मलाही हाच टप्पा सर्वांत जड गेला होता. रजिस्ट्रारचे, म्हणजे नोंदणी कार्यालयाचे, संकेतस्थळ विषय सोडू देते, म्हणून तो सोडण्याची परवानगी आहे, असे मुळीच नाही. ते संकेतस्थळ तुमचा व्हिसा तपासत नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात किमान १२ क्रेडिट लागतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी ती मर्यादा विद्यापीठ ठरवते आणि बऱ्याच ठिकाणी ती ९ असते. विषय सोडून या मर्यादेखाली जाणार असाल, तर डीएसओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील अधिकृत अधिकाऱ्याची, मंजुरी आधी हवी. ‘आधी ड्रॉप कर, मग सांगू’ असे सांगणाऱ्या सीनियरचे ऐकू नका. मंजुरीविना भार, म्हणजे सत्रातील एकूण क्रेडिट, कमी केला, तर सेव्हिसमधील (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतील) नोंद रद्द होऊ शकते. मग कॅम्पसवरील काम थांबते, सीपीटी आणि ओपीटी (शिकताना आणि शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानग्या) अडकतात आणि विद्यार्थी म्हणून कायदेशीर दर्जा परत मिळवण्यासाठी आय-५३९ अर्ज भरून वाट पाहत बसावे लागते.

ही मंजुरी मोजक्या कारणांसाठीच मिळते. शैक्षणिक कारणात इंग्रजीची किंवा वाचनाची सुरुवातीची अडचण, अमेरिकी अध्यापनपद्धतीची सवय नसणे किंवा चुकीच्या पातळीचा विषय पदरी पडणे, एवढेच बसते. ही सवलत एका पदवीस्तरावर एकदाच मिळते आणि ती घेतल्यावरही किमान ६ क्रेडिट ठेवावे लागतात. आजारपण असेल, तर भार कमी करण्याची स्पष्ट शिफारस असलेले डॉक्टरांचे किंवा मानसशास्त्रज्ञांचे पत्र लागते. नुसते ‘उपचार चालू आहेत’ असे लिहिलेले पत्र परत येते. वैद्यकीय सवलत एका स्तरावर एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळू शकते, मात्र ती दर सत्राला नव्याने मंजूर करून घ्यावी लागते. शेवटच्या सत्रात मोजकेच विषय उरले असतील, तर ते वेगळे कारण मानले जाते. ‘गुण कमी येतील’ किंवा ‘नोकरी शोधायला वेळ हवा’ ही कारणे चालत नाहीत.

कारण बसत नसेल, तर उशिरा सुरू होणारा एखादा अर्धसत्री विषय घेऊन क्रेडिट भरून काढता येतात का, ते पाहावे; मात्र पूर्ण भार मोजताना एका सत्रात एकच ऑनलाइन विषय, तोही ३ क्रेडिटपर्यंतच धरला जातो. टीए किंवा आरए (अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक) असाल, तर विभागाची वेगळी किमान मर्यादा असू शकते. तीही विचारून घ्यावी. या साऱ्याला दिवस लागतात, म्हणून डीएसओची भेट मुदतीच्या किमान आठवडाभर आधी ठरवावी.

लेखी मंजुरी हाती आल्यावरच विषय सोडावा आणि पोचपावती जपून ठेवावी.

मुदत टळली असेल, तर उशिरा विथड्रॉवलसाठी विनंती अर्ज करता येतो, पण तो गंभीर आजार किंवा घरातील मृत्यू अशा कागदोपत्री सिद्ध होणाऱ्या कारणांवरच टिकतो. तेव्हाही आधी डीएसओलाच भेटावे. शेवटी भार कमी केल्याची नोंद असलेली नवी आय-२० (विद्यापीठाने दिलेले विद्यार्थी-पात्रतेचे प्रमाणपत्र) मागून घ्यावी आणि शैक्षणिक कारणावर सवलत घेतली असेल, तर उन्हाळी सत्र वगळता पुढच्याच सत्रात पूर्ण भाराची नोंदणी करावी.