पिशवी आधी हलवून बघायची

उद्या पहाटे लेकीला घेऊन वेताळ टेकडीवर जायचंय. पक्षी बघायला नाही, ऐकायला. म्हणून तयारीही कानानेच करायची. आज रात्री भरलेली पिशवी तिच्या हातात द्यायची आणि सांगायचं, जोरात हलव. जे वाजेल ते बाहेर. ही अक्कल आम्हाला गेल्या जूनमध्ये आली. दोघींनी नवे कोरे विंडचीटर घातले होते आणि पाऊण तास आम्ही टेकडीवर बसून विंडचीटरच ऐकले. हात उचलला की खसखस, मान वळवली की खसखस.

तेव्हा कपडे सुती, धुऊन मऊ झालेले, आणि रंग मातकट असला तर उत्तमच. पायात बंद बूट हवेत, कारण काटे आहेत, विंचू-सापही असतात. फक्त ते चर्र करून उघडणाऱ्या पट्ट्यांचे नकोत, नाडीचे घ्या. बांगड्या, पैंजण घरी. किल्ल्या रुमालात घट्ट गुंडाळून. बसायला प्लॅस्टिकची चटई नको, जुन्या गोधडीचा तुकडा घ्या. तो वाजत नाही आणि खडेही टोचू देत नाही. पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली, नाहीतर ती चालताना डुचमळते. खाऊच्या बाबतीत चिवडा, कुरकुरे, चिक्की सगळं बाद. केळं, शेंगदाण्याचा लाडू किंवा फडक्यात बांधलेलं थालीपीठ चालेल. निघताना शू करून घ्यायची, तिला वाटत नसली तरी.

कागद दोन, जाड पुठ्ठ्याला चिमटा लावून, आणि शिसपेन्सिल. स्केचपेनांची टोपणं टकटक वाजतात, आणि शिवाय रंग निवडण्यातच पाच मिनिटं जातात.

जागा आदल्या दिवशी एकट्याने जाऊन हेरून ठेवायची, आणि त्याच वेळेला. संध्याकाळी शांत वाटणारी जागा सकाळी हास्यक्लबाची निघू शकते. पायवाटेपासून जरा आत, देवळाच्या घंटेपासून लांब, आणि शक्यतो उंदीरमारीच्या रानात नको. पुण्याच्या टेकड्यांवर वनखात्याने हे झाड भरपूर लावलंय. हिरवंगार दिसतं, पण त्याच्याखाली बसून फारसं काही ऐकू येत नाही. बाभळी, झुडपं आणि मोकळं गवत असलेला उतार शोधा. जुन्या खाणीच्या पाण्याजवळची बाजूही चांगली, फक्त काठापासून लांब बसायचं.

वार कामाचाच निवडा. शाळा घरी भरवण्याचे तोटे नातेवाईक सांगतातच, फायदा मी सांगते: मंगळवारी टेकडीवर जाता येतं. रविवारी अर्धं पुणे मोबाइलवर भक्तिगीतं लावून चढत असतं. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, म्हणजे पावणेसहाला जागेवर बसलेलं हवं. साडेसातनंतर पक्षी आवरतं घेतात आणि रस्त्यांची घरघर वर चढते.

गृहपाठ एकच, पण तो मला सगळ्या तयारीत महत्त्वाचा वाटतो. टेकडीवर जायच्या आधी एक दिवस कसबा पेठेतल्या तांबट आळीत चक्कर मारा. तिथे अजून तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने मठारकाम चालतं. मुलीला आळीच्या तोंडाशी उभं करा, डोळे मिटायला सांगा आणि ठोके ऐकू द्या. पक्ष्याचं नाव अजिबात काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी एखाद्या वडावर किंवा उंबरावर टुक, टुक, टुक सुरू होतं, आणि ती आपणहून म्हणते, "आई, इथे पण भांडी?" तांबट पक्ष्याचं नाव तेव्हा सांगायचं. मग घड्याळ तिच्या हातात द्या आणि पंधरा सेकंदांतले ठोके मोजायला लावा. आमचे सत्तावीस भरले होते. चारने गुणून एकशे आठ. त्या दिवशीचं गणित तिथेच उरकलं. हा पक्षी चोच मिटून, गळा फुगवून ठोके देतो आणि देताना मान इकडेतिकडे वळवतो. म्हणून आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि तो सापडता सापडत नाही. मूल वैतागलं तर हे सांगायला सोपं पडतं.

नाव आधी न सांगण्याचा नियम पावशासाठी तर फारच पाळायचा. जूनच्या तोंडाशी तो दिवसरात्र ओरडतो, सूर चढवत चढवत शेवटी गळा फाटतोय की काय असं वाटेपर्यंत. शेतकऱ्याला त्यात "पेर्ते व्हा" ऐकू येतं, हिंदीवाल्यांना "पी कहाँ", इंग्रजांना "ब्रेन-फीव्हर". एकदा कानात "पेर्ते व्हा" घातलं की मुलाला जन्मभर तेच ऐकू येणार. म्हणून आधी तिला तिचे शब्द लावू द्या. आमच्याकडे "भात दे ना" आलंय. त्यानंतर बाकीचं सांगा, आणि हा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो हेही सांगा. सातभाईंचा कलकलाट तर तिथे ऐकू येणारच आहे. कोकिळेचं गाणं मात्र आधीच दुरुस्त करून ठेवलेलं बरं: कुहू करतो तो काळा नर. मादी ठिपक्यांची, आणि ती नुसती किक-किक-किक करते. कवितांमधून उलटं शिकून बसलेल्या आजीशी यावरून वाद होतो, तो होऊ द्यावा.

फोन न्यायचा, पण फ्लाइट मोडवर. कॉर्नेलच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचं मर्लिन ॲप घ्यायचं असेल तर आपल्या भागातल्या पक्ष्यांचा संच घरीच उतरवून ठेवा, म्हणजे ते नेटशिवाय चालतं. मी ते उतरताना वापरते, बसलेलं असताना नाही. स्क्रीनवर नाव उमटायला लागलं की मुलगी कान मिटते आणि डोळे उघडते. आणि फोनवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. विणीचे दिवस आहेत, आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो उगाच जिवाचा आटापिटा करतो.

बसल्यावर करायचं ते इतकंच. कागदाच्या मधोमध फुली, ती म्हणजे आपण. जो आवाज ज्या दिशेने येईल त्या बाजूला खूण, जवळचा असेल तर फुलीजवळ, लांबचा असेल तर कडेला. अक्षरं लिहायची नाहीत. ठिपके, नागमोडी रेघ, जे सुचेल ते. सात वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं पुरतात, तेवढ्यावर थांबा, केळं खा, पुन्हा पाच. मध्येच दोन्ही तळहात कानांमागे पसा धरल्यासारखे धरायला सांगा: समोरचा आवाज एकदम वर येतो. मग तळहात कानांपुढे उलटे धरले की मागचा. रिक्षा, विमान, खालच्या बांधकामावरचा ड्रिलर हेही नकाशावर येऊ द्या. मी पहिल्यांदा "ते सोड, पक्षी ऐक" म्हटलं होतं, तर उरलेला वेळ ती प्रत्येक आवाजाला माझ्याकडे बघून विचारत होती, हा चालेल?

परतायचं कधी हेही आधीच ठरलेलं असावं. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर तिची अंडी जवळच जमिनीवर आहेत असं समजून, पायाखाली बघत, आलो त्याच वाटेने मागे फिरायचं. वळवाचा गडगडाट झाला तर लगेच उतरायचं, झाडाखाली थांबायचं नाही. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. हा खेळ मुलांना फार आवडतो, पण तो घराच्या खिडकीतून खेळायचा.

घरी आल्यावर कागदावर तारीख घालून तो फ्रिजवर. ज्या खुणेचं नाव कळलं नाही ती तशीच ठेवायची, अंदाजाने काहीतरी लिहून मोकळं व्हायचं नाही. गेल्या जूनमधली एक अजून आहे: तीन ठिपके आणि खाली घसरत गेलेली रेघ, फुलीच्या उजवीकडे, कागदाच्या अगदी कडेला. विंडचीटरच्या खसखशीतून तिने ती कशी ऐकली कोण जाणे, मी नव्हती ऐकली. उद्या गोधडी त्याच उतारावर टाकायची आहे. गजर सव्वापाचचा, माझ्या उशीखाली.