विद्यार्थी अ‍ॅनिमेशनपटातील शॉटची प्रकाशयोजना आणि कंपोझिटिंग

सुरुवातीला सॉफ्टवेअरमधील दृश्यातील सगळे दिवे बंद करावेत आणि केवळ मुख्य दिवा लावून पात्राची आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी उठून दिसते का, हे पाहावे. ते जमल्याशिवाय दुसरा दिवा लावू नये. सावलीची कड फार कडक वाटत असेल, तर दिव्याची तीव्रता नव्हे, आकार वाढवावा.

रेंडर (संगणकाने दृश्यावरून तयार केलेली प्रतिमा) १६ बिट ओपन ईएक्सआर या फाइल-प्रकारात काढावा, कारण ८ बिट पीएनजीत अतितेजस्वी भागांतील तपशील कापला जातो आणि नंतर एक्स्पोजर (प्रतिमेचा एकूण उजळपणा) उतरवले तरी तो परत येत नाही. प्रत्येक दिव्याचा वेगळा थर काढून ठेवल्यास शॉट थोडा निळसर करण्यासाठी पुन्हा रात्रभर रेंडर लावावा लागत नाही. मात्र कंपोझिटिंग करताना, म्हणजे हे थर एकत्र आणताना, ते लिनियर रंगावकाशातच (जिथे पिक्सेलचे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात असतात) बेरजेने जोडावेत आणि ती बेरीज सगळे दिवे लावून काढलेल्या मूळ प्रतिमेशी जुळते की नाही, हे आधी तपासावे.

पात्राच्या कडेला काळी किंवा उजळ रेघ दिसली (विद्यार्थ्यांचे बरेच तास हिच्यातच जातात), तर बहुधा अल्फाने (पिक्सेल किती अपारदर्शक आहे हे सांगणाऱ्या आकड्याने) आधीच गुणलेल्या प्रतिमेवर थेट रंगदुरुस्ती झालेली असते. अशा वेळी प्रतिमेला अल्फाने भागावे, रंग सुधारावा आणि मग पुन्हा गुणावे.