प्लेस्टेशन ५ : डिस्कचा घ्यावा की डिजिटल?
नाशिकमध्ये महात्मा गांधी रोडवर प्लेस्टेशन ५ हा कन्सोल (टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र) घ्यायला जाण्यापूर्वी, खेळ डिस्कवर घेणार की डाउनलोड करणार, हे घरीच ठरवावे. डिस्क खेळून झाल्यावर विकता येते, मित्राला देता येते. डाउनलोड केलेला खेळ मात्र आपल्या खात्याशीच बांधलेला राहतो, म्हणून डिस्क ड्राइव्ह (डिस्क चालवणारा भाग) नसलेली स्वस्त डिजिटल आवृत्ती घेताना वाचलेले पैसे पुढे खेळांवरच खर्च होऊ शकतात. २०२३ साली आलेल्या स्लिम (आकाराने लहान) डिजिटल आवृत्तीला डिस्क ड्राइव्ह नंतर जोडता येतो (त्यासाठी एकदा इंटरनेट लागते), पण २०२० च्या मूळ डिजिटल आवृत्तीला तो जोडताच येत नाही. त्यामुळे वापरलेला डिजिटल कन्सोल घेताना, खोक्यावर विसंबून न राहता, कन्सोलवरचाच मॉडेल क्रमांक वाचावा. स्लिमचा क्रमांक सीएफआय-२ ने सुरू होतो.